गावचं बंद घर आणि चोर अलार्म: वायरवाला बसवू की वायरलेस?

आमचं घर गुहागरकडे. वर्षातले दहा महिने कुलूप, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात आंब्याला तेवढं जाणं होतं, बाकी शेजारच्या घरातल्या काकू लक्ष ठेवतात. अलार्म बसवायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात वायर की वायरलेस. मी दोन्ही वापरून झालोय आणि मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळाच आहे, सिस्टीममधलं काही मेलं तर ती तसं सांगते की गप्प बसते? मुंबईत रोज संध्याकाळी घरी येता तिथे चालून जातं, गावाला मात्र ते गणपतीपर्यंत कळत नाही.

वायरवाल्याचं बरं असं की दाराच्या मॅग्नेटपासून (दार उघडलं हे ओळखणारा सेन्सर) पॅनेलपर्यंत, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यापर्यंत, सर्किट कायम चालू असतं, ते तुटलं की बोंब. चोराने वायर कापू दे, उंदराने तोडू दे नाहीतर टर्मिनल गंजून सुटू दे, पॅनेलला कळतं. पण उंदीर कधीकधी वायर तोडत नाही, वरचं प्लास्टिक तेवढं खातो आणि दोन तारा एकमेकींना चिकटतात, मग पॅनेलला वाटतं दार बंदच आहे. हे पकडायला प्रत्येक झोनला, म्हणजे पॅनेलला जोडलेल्या प्रत्येक सर्किटला, एक रेझिस्टर (विजेला ठराविक अडथळा करणारा छोटा भाग) असतो आणि तो सेन्सरच्या टोकाला लावायचा असतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने चारही रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच पिळून ठेवले होते, काम झटपट उरकतं ना, मला दोन वर्षांनी डबा उघडला तेव्हा समजलं. तेव्हा पैसे द्यायच्या आधी सेन्सरचं झाकण उघडायला लावा आणि रेझिस्टर आत दिसतोय का बघा.

वायरलेसमध्ये 433 मेगाहर्ट्झवाले स्वस्त सेट येतात त्यांचा सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही. दार उघडलं की हाक मारतो, पॅनेलला ऐकू आली तर आली. सेल संपला की शांतता, आणि पॅनेलच्या हिशेबात शांतता म्हणजे सगळं ठीक. चांगल्या सेटमध्ये सेन्सर ठराविक वेळाने हजेरी लावतो, नाही लावली तर फोनवर मेसेज येतो. दुकानात सुपरव्हिजन (हीच हजेरी) आहे का आणि जॅमिंग (कोणी मुद्दाम सिग्नल अडवणं) ओळखतो का हे दोनच विचारा, दुकानदार गोंधळला तर बॉक्सवर वाचा, तिथेही नसेल तर बंद घराला तो सेट नको. रेंज बॉक्सवर 100 मीटर वगैरे लिहिलेली असते ती मोकळ्या मैदानातली, आपल्या जाड चिऱ्याच्या भिंती, त्याही पावसात भिजलेल्या, वर पडवीला पत्रा, तिथे ते मीटर कुठे जातात कळत नाही. म्हणून सेन्सर आधी हातात धरून जागेवर टेस्ट करायचा, चिकटवायचं नंतर, आणि पावसाळ्यात एकदा परत बघायचं.

माझं सरळ मत, घराच्या आत वायर आणि गोठा, पंपाची खोली, गेट इथे वायरलेस. कारण वीज. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात आपल्याकडे कडाडतं तेव्हा अंगणातून ओढलेली लांब वायर तो झटका थेट पॅनेलपर्यंत आणते. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर तरीही लावाच. आतली वायर तांब्याची घ्या, मध्ये जोड जितके कमी तितकं बरं, असतील ते सोल्डर करा, खाऱ्या हवेत नुसत्या पिळलेल्या जोडावर दोन पावसात हिरवा थर चढतो.

दुसरं, चोर दारातूनच येईल असं नाही, कौलं सरकवूनही उतरता येतं. म्हणजे दारं-खिडक्यांच्या मॅग्नेटवर भागत नाही, माजघरात एक मोशन सेन्सर, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा, पाहिजेच. तो खिडकीकडे तोंड करून लावू नका, उन्हाने फसतो. सेन्सरच्या तोंडावर पाल बसली तरी वाजतो, आणि मे महिन्यात खोलीच माणसाच्या अंगाएवढी तापली की उलट माणूस नीट दिसत नाही. म्हणून एकट्या त्याच्यावरही विसंबू नये. लाकडी दार पावसात फुगतं, मग मॅग्नेटमधलं अंतर बदलतं आणि कारण नसताना अलार्म होतो, म्हणून बसवतानाच थोडी जागा धरून बसवा.

आता लाईट. पॅनेलमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी असते. पॅनेल आणि चार सेन्सर मिळून साधारण 160 मिलिअँप खातात असं धरलं तर कागदावर 43 तास, जुन्या बॅटरीवर दिवसभर निघाला तरी नशीब. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तेवढ्याला कुठलीच सिस्टीम पुरत नाही. पण रोजच्या चार-सहा तासांसाठी बॅटरी तीनेक वर्षांनी न विसरता बदला. वायफायवर चालणारा पॅनेल नको, लाईट गेली की राउटर आधी मरतो. सिमवाला घ्या, आणि पॅनेल टूजी असेल तर त्यात जिओ चालत नाही, जिओला टूजी नाहीच. रिचार्ज संपलं तर महागडा अलार्मही मुका, तेव्हा त्या सिमची तारीख स्वतःच्या फोनमध्ये रिमाइंडरला टाका.

फोन जायचे नंबर टाकताना पहिला शेजाऱ्यांचा, आपला दुसरा, डोंबिवलीत बसून आपण काय करणार? आणि शेजाऱ्यांना बंद करायचा कोड शिकवून ठेवा. आमच्याकडे पहिल्यांदा पहाटे वाजला तो वानराने कौल पाडलं म्हणून. काकूंनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, तर बॅटरीवर तो आणखी अर्धा तास वाजत राहिला.