कॉम्प्रेसरची फाइल तुमच्याकडे आली तर

प्रोजेक्ट किंवा मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या मुलांना 'सस्टेनेबिलिटी' म्हटलं की छपरावरचे सोलर पॅनेल आठवतात. प्रत्यक्षात टेबलावर येते ती कॉम्प्रेसरची, चिलरची नाहीतर पंपाची फाइल. कारखाना पुढची दहा-पंधरा वर्षं किती वीज जाळणार, हे बरंचसं तिथेच ठरून जातं. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात माझं काम हवेच्या लाइनवरच (मशीनना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या पाइपांवर) झालं, म्हणून कॉम्प्रेसरबद्दलच लिहितो.

३७ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर वर्षाला ६,००० तास पूर्ण लोडवर चालला की सव्वादोन लाखांच्या आसपास युनिट खातो. युनिटला ९ रुपये धरले तरी वीस लाख झाले. मशीन बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यात येतं. तरीही पर्चेसच्या कम्पॅरेटिव्हमध्ये (कोटेशनांच्या तुलनेच्या तक्त्यात) किंमत, डिलिव्हरी, पेमेंट टर्म्स असे सगळे रकाने असतात, विजेचा नसतो. त्यात पर्चेसवाल्यांचा दोष नाही. त्यांना एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा पुरवठादार, शोधायला सांगितलंय, ते शोधतात. तो रकाना तुम्ही घालायचा: मिनिटाला एक घनमीटर हवेसाठी किती किलोवॉट, कोणत्या दाबाला, आणि तो आकडा आयएसओ १२१७ प्रमाणे तपासलेला आहे की नुसताच ब्रोशरमधला.

पण मुळात नवा कॉम्प्रेसर हवाच आहे का? याचं उत्तर रविवारी मिळतं. सगळी मशीन बंद, हवेची लाइन भरलेली, कॉम्प्रेसर एकटाच चालू. आमचे फिटरकाका हातात घड्याळ धरून उभे राहायचे. एक मिनिट लोड (हवा भरतोय), दोन मिनिटं अनलोड (नुसताच फिरतोय) असा फेरा पडला, तर क्षमतेच्या एक तृतीयांश हवा गळतीत चाललीय. शॉपमध्ये शांतता असल्यामुळे फुसफुस कानालाच सापडते. क्विक कपलिंग, एफआरएलच्या (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरच्या) वाट्या, कडक झालेल्या पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब, नेहमीचे गुन्हेगार हेच. काका साबणाचं पाणी लावून जागा पक्की करत आणि खडूने गोल काढत पुढे जात. नव्या मशीनची मागणी या खडूच्या गोलांमुळेच रद्द झालेली मी पाहिलीय.

मग दाब बघा. एका कोपऱ्यातल्या मशीनला ७ बार लागतो म्हणून अख्खी लाइन ७ वर ठेवलेली असते. एक बार खाली आणला की सहा-सात टक्के वीज वाचते. त्या एकट्या मशीनला तेवढ्यापुरता दाब वाढवणारा बूस्टर द्या.

व्हीएफडी (मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) तर हल्ली प्रत्येक सेल्समनच्या तोंडात असतो. मागणी वरखाली होत असेल तर तो हवाच. सतत पूर्ण लोड असेल तर उलट ड्राइव्हच दोन-तीन टक्के खातो. आठवडाभर लोडची नोंद ठेवणारा लॉगर लावल्याशिवाय मत देऊ नका, समोर कितीही मोठे साहेब असोत.

कंट्रोलरचा पासवर्ड कोणाकडे राहणार, हेही ऑर्डरआधीच विचारा. प्रत्येक अलार्मला कंपनीचा इंजिनिअर बोलवावा लागणार असेल, तर मी दोन टक्के जास्त वीज खाणारं पण आमच्या इलेक्ट्रिशियनला उघडता येणारं मशीन घेईन. हे मत सगळ्यांना पटत नाही.

अभ्यासाला बीईईच्या (केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या) एनर्जी ऑडिटर परीक्षेचा तिसरा पेपर उपयोगी आहे, परीक्षा द्यायची नसली तरी.

आणि कॉम्प्रेसरचा स्वतंत्र वीजमीटर मूळ ऑर्डरमध्येच घाला. नंतर तेवढ्यासाठी वेगळी मंजुरी मागायला गेलात तर वर्ष सरतं, आणि वीज खरंच वाचली का हे मीटिंगमध्ये कोणालाच सांगता येत नाही.