भोक बत्तीसचंच हवं

नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, माझ्याबरोबर घरी आला, आणि घरी त्याने पहिल्यांदा काही मोजलं असेल तर चिमण्यांच्या घरट्याच्या पेटीचं भोक. तेही चूक झाल्यावर.

पहिली पेटी विकतची होती. रंगीबेरंगी, भोकाखाली बसायला दांडी, वर पत्र्याचं छप्पर. पश्चिमेच्या भिंतीवर लावली, कारण खिळा आधीच तिथे होता. आठ दिवसांत साळुंक्यांनी ताबा घेतला आणि चिमण्या समोरच्या केबलवर बसून बघत राहिल्या. भोक मोजलं, ४५ मिलिमीटर! पुढच्या वर्षी लाकडी चकती ठोकून ते लहान केलं, तर चिमण्या आल्या. पण एप्रिलमधल्या एका दुपारी छपराला हात लावला तर चटका बसला. आत तीन पिल्लं होती. संध्याकाळपर्यंत एकही राहिलं नाही.

तेव्हापासून पेट्या मीच करतो.

गाणारा पक्षी म्हणून चिमणीला कुणी बक्षीस देणार नाही, पण शास्त्राच्या वर्गवारीत ती गायक पक्ष्यांतच मोडते. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात तिला पेटी लागत नव्हती. तुळईच्या टोकाशी फट असायची, कौलाखाली जागा असायची, नाहीतर देवघरातल्या तसबिरीमागे. आता इंदिरानगरात आमच्या रांगेत भिंती गुळगुळीत, खिडक्या सरकत्या काचांच्या. तिने काडी ठेवायची कुठे? २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर नाशिकचेच, हे शेजाऱ्यांना सांगितलं की पेटी लावायला परवानगी लवकर मिळते. स्वानुभव आहे.

लाकूड १२ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. १८चं मिळालं तर उत्तम, ऊन आत पोचायला वेळ लागतो. सुताराकडे फर्निचरचे वॉटरप्रूफ प्लायचे तुकडे पडलेले असतात, ते चालतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नको, पहिल्या पावसात फुगतो. आतली मापं: तळ १५ बाय १५ सेंटीमीटर, पुढची फळी २० उंच, मागची २५, म्हणजे छपराला आपोआप उतार मिळतो. छप्परही लाकडाचंच, पुढे ५ सेंटीमीटर बाहेर काढलेलं. भोकाचा मध्य तळापासून १५ सेंटीमीटरवर. त्याहून खाली घेतलंत तर मांजराचा पंजा घरट्यापर्यंत पोचतो.

आणि भोक ३२ मिलिमीटर. ड्रिलला होल सॉ (गोल करवत) लावून, पेटी जोडायच्या आधी पाडायचं. सुतार म्हणेल, "काका, सव्वा इंच म्हणजे तेवढंच." तेवढंच आहे, फरक फक्त पाव मिलिमीटरचा, पण त्याचा सव्वा इंच दर वेळी सव्वा इंचच असतो असं नाही. बत्तीसमधून चिमणी जाते, साळुंकी जात नाही.

दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, उपयोग होतो तो कावळ्याला. पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला करवतीने आडव्या खाचा पाडा. पिल्लं त्याच धरून वर येतात. तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं पाणी जायला, बाजूच्या फळ्यांना वरच्या कडेजवळ दोन-दोन हवेला. एक बाजू बिजागरीवर उघडती ठेवा, नाहीतर साफ कशी करणार? आतून रंग नाही, वॉर्निश नाही. बाहेरून जवसाचं तेल पुरे.

लावायची जागा पूर्वेची किंवा उत्तरेची, सज्जाखाली, ८ ते १२ फुटांवर. नाशकात दुपारचं ऊन आणि पावसाचा झोडपा दोन्ही पश्चिमेकडून येतात. खिडकीत पंखा फिरत असेल तर त्या खिडकीपासून लांब. वाड्यात पंख्याला लागून पडलेल्या चिमण्या मी लहानपणी फार उचलल्यात. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून एकीऐवजी दोन-तीन पेट्या हातभर अंतराने लावा.

मी नवी पेटी संक्रांत झाल्यावर लावतो. त्याआधी गच्ची, तारा, झाडं बघून नायलॉनचा मांजा गोळा करायचा. चिमणी दोरा दिसला की घरट्यासाठी उचलते, आणि एकदा माझ्या पेटीत पिल्लाच्या पायाला तो गुंडाळलेला निघाला. बायकोने शिवणाच्या कात्रीने सोडवला. गवत-कापूस आपण आत भरायचा नाही, ती तिचं बघते. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही तरी पेटी हलवू नका.

आता दाण्यांचं. बाजरी, तांदळाची कणी घाला; फरसाण आणि मिठाचा भात नको. पण पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. पहिले काही दिवस त्यांना अळ्या, मावा असलं मऊ खाणं लागतं. आमच्या लिंबावर फुलपाखराच्या अळ्या पानं खातात तेव्हा बायको कुरकुरते. मी तिला समोरची पेटी दाखवतो. औषध फवारायचं नाही, एवढं घरात ठरलंय. पाण्याला मातीचं उथळ परळ, दोन बोटं पाणी, रोज बदलायचं. कोरड्या मातीचा एक कोपरा मोकळा ठेवा, चिमण्या धुळीत लोळतात.

अंडी तीन ते पाच, उबवायला साधारण १२ दिवस, पुढे पंधरवड्यात पिल्लं बाहेर. या काळात पेटी उघडून बघायचा मोह आवरा. उघडं, बिनपिसांचं पिल्लू खाली पडलं तर उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू मात्र उचलू नका, फक्त बोक्याला घरात घ्या. साफसफाई शेवटची वीण उडून गेल्यावर. तोंडाला रुमाल, हातमोजे, जुनं घरटं बाहेर, आतून उकळतं पाणी. कीटकनाशक नाही.

राहिली खार. ती भोक कुरतडून मोठं करते, आणि मग सगळी मापं वाया. त्यावर उपाय म्हणजे दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी, तिला तेच बत्तीसचं भोक, चार स्क्रूंनी पुढून आवळायची. लावण्याआधी भोकाची कड कानशीने मारा आणि आतून-बाहेरून बोट फिरवून बघा. बोटाला जराही लागलं तर अजून मारा.