जुनं घर पाडण्याआधी: बेळगाव भागात नियम सांभाळून दुरुस्ती कशी करावी

जुनं घर दुरुस्त करायचं ठरलं की आपल्याकडे आधी गवंडी येतो, मग इंजिनिअर, आणि नियमांची आठवण होते ती पालिकेची नोटीस दारावर लागल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या भागात जांभ्याच्या चिऱ्यांची, सागवानी खांबांची, मंगळुरी कौलांची घरं अजून बरीच उभी आहेत. त्यांतलं एखादं घर संरक्षित स्मारकाच्या अगदी शेजारी असेल, तर एकदा पाडलेली भिंत पुन्हा उभी करायला कायदा परवानगी देत नाही. उभी असलेली भिंत दुरुस्त करायला मात्र देतो. ही एक गोष्ट वेळेवर कळली असती तर कितीतरी घरं वाचली असती, म्हणून पुढचं सगळं नीट वाचा.

आधी ठरवा: घर कोणाच्या हद्दीत आहे?

बेळगाव शहरात शेजारशेजारच्या दोन घरांना वेगवेगळे नियम लागू शकतात. गणपत गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, शहापूर, टिळकवाडी, वडगाव हा भाग महानगरपालिकेचा. आराखडा, रस्त्याची रुंदी, जमिनीचा वापर याबद्दलचे प्रश्न बुडाकडे म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे जातात. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि तिथे २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा चालतो. कॅम्पातले कित्येक जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'चे आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि वरची इमारत तेवढी तुमची. अशा बंगल्यात आतली भिंत हलवायची असली तरी आधी बोर्डात विचारा. निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत आणि गावात ग्रामपंचायत.

पालिकेच्या हद्दीत सिटी सर्व्हेचा उतारा आणि खाता उतारा, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीतला तुमच्या नावाचा उतारा, काढा. गावात असाल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११. घराच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारसा नोंद आधी करून घ्या. भाऊबंदांची लेखी संमती हा या सगळ्यातला सर्वांत अवघड कागद असतो. तो शेवटी मागायला गेलं की काम अडतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच विषय काढावा.

जुनी कागदपत्रं फेकू नका. शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात. त्यामुळे घरातल्या पेटीत मोडीतले किंवा मराठीतले खरेदीखत, वाटणीपत्र, घरपट्टीच्या पावत्या सापडतात. मोडी वाचणारा माणूस शोधून त्यांचं लिप्यंतर करून घ्या. घर किती जुनं आहे हे सिद्ध करायला त्यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही, आणि हा पुरावा पुढे लागणार आहे.

मग अंतर मोजा

किल्ल्यातली कमल बस्ती सगळ्यांना ठाऊक आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये उभारलेलं हे जैन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १९५८ च्या कायद्यानं आणि त्याच्या २०१० च्या दुरुस्तीनं दोन वर्तुळं आखली आहेत. पहिले १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र.

अंतर मोजताना नेमकी इथेच गफलत होते. लोक देवळाच्या शिखरापासून किंवा गाभाऱ्यापासून पावलं मोजतात. कायद्यात अंतर सुरू होतं ते संरक्षित हद्दीच्या कडेपासून, आणि तेही सगळ्या दिशांना. स्मारकाभोवतीची कंपाउंडाच्या आतली मोकळी जागाही संरक्षित असेल, तर मोजणी त्या जागेच्या बाहेरच्या कडेपासून. त्यामुळे दीडशे मीटरवर आहोत असं समजणारं घर प्रत्यक्षात नव्वदवर निघू शकतं. पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडून हद्दीचा नकाशा मागवा आणि मोजणी परवानाधारक भूमापकाकडून करून घ्या.

हलशीच्या भूवराह नरसिंह देवळासारख्या जुन्या देवळाजवळ राहत असाल, तर संरक्षण केंद्राचं आहे की राज्याचं हे आधी विचारून घ्या. राज्य संरक्षित स्मारकांना कर्नाटकाचा १९६१ चा वेगळा कायदा लागू होतो आणि परवानगीही राज्याच्या पुरातत्त्व, संग्रहालये व वारसा खात्याकडून लागते. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर स्मारकांच्या कायद्याचं बंधन तुमच्यावर नाही. त्या स्थितीत काय करायचं ते खाली येतंच.

१०० मीटरच्या आत काय चालतं?

नवं बांधकाम चालत नाही. पाडून त्याच जागी तेवढंच पुन्हा बांधणं, ज्याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो, तेही चालत नाही. चालतं ते दुरुस्ती आणि नूतनीकरण, आणि तेसुद्धा १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या किंवा नंतर पुरातत्त्व खात्याच्या मंजुरीनं बांधलेल्या इमारतीचं. ही तारीख लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या जुन्या पावत्या, खरेदीखत, वीजजोडणीचा कागद, लग्नाच्या अल्बममधला घरासमोरचा फोटो, जे जे १९९२ च्या आधीचं आहे ते अर्जाला जोडा.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. ठेकेदार म्हणेल, ‘भिंत पोकळ झाली आहे, पाडून नवीच घेऊ, स्वस्तात होईल.’ त्याच्या हिशोबानं ते खरंही असेल. पण प्रतिबंधित क्षेत्रात सगळं घर उतरवलं की तुमच्या हातात फक्त मोकळी जागा राहते, जिच्यावर काही बांधता येत नाही. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती या तिन्ही गोष्टी परवानगी घेऊन करता येतात. परवानगी न घेता केल्या तर तिथेही शिक्षा तेवढीच आहे.

अर्ज आणि दिवसांचा हिशोब

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे ऑनलाइन करायचा. सोबत मालकीचे कागद, जागेचा नकाशा, आहे त्या घराचा आराखडा आणि प्रस्तावित कामाचा आराखडा द्यायचा. त्यात उंची जोत्यापासून आढ्यापर्यंत मीटरमध्ये लिहा, पाण्याची टाकी आणि जिन्याचं टोपण धरून. चारी बाजूंचे फोटो, आणि एक फोटो घर व स्मारक एकाच चौकटीत दिसेल असा.

पुढचा प्रवास कायद्यात बांधून दिलेला आहे. सक्षम प्राधिकारी १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत मत देतं, आणि त्यानंतर एका महिन्यात परवानगी किंवा नकार कळवायचा असतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साडेतीन महिने गेले. आपल्याकडे घराचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि वळवाच्या आधी कौलं चढवायची, असा रिवाज आहे आणि तो बरोबरच आहे. मग अर्ज जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत गेला पाहिजे. गणपतीनंतर अर्ज केला तर परवानगी येईतो काम करण्याजोगे निम्मे महिने संपलेले असतात. तुमच्या स्मारकासाठी वारसा उपविधी तयार झाले आहेत का, हेही तेव्हाच विचारा. झाले असतील तर उंची आणि दर्शनी भागाबद्दलच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात.

ही परवानगी आली म्हणजे पालिकेची आलीच असं होत नाही. ती वेगळी काढावी लागते. पालिकेत अर्ज देताना पोचपावती आणि तिच्यावरचा क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज कन्नडमध्ये द्या, हा माझा सरळ सल्ला आहे. फाईल लवकर हलते आणि नकाशावरचे शेरे समजून घेणंही सोपं जातं. मराठी प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आलीच, तर राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो जरूर वापरावा. उत्तरच येत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

स्मारक जवळ नसेल तर

आपल्या बहुतेक गल्ल्यांची हीच स्थिती आहे. रिसालदार गल्लीतलं भाटे यांचं घर, जिथे १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद उतरले होते, ते स्मारक म्हणून जपलं गेलं. शेजारच्या गल्लीतल्या साध्या सोप्या-माजघराच्या घराला तसं कोणी विचारत नाही. ते राखायचं की नाही हे मालकच ठरवतो.

तरीही पाडण्याआधी पालिकेच्या नगररचना विभागात दोन गोष्टी विचारा: रस्त्याची रेषा कुठून जाते, आणि नवीन बांधकामाला चारी बाजूंनी किती जागा सोडावी लागेल. जुनी घरं गल्लीच्या कडेला चिकटून, भिंतीला भिंत लावून उभी आहेत. नवीन आराखडा मंजूर करताना पुढचं-मागचं अंतर सोडावंच लागतं, आणि अरुंद जागेत सोपा आणि परडं दोन्ही त्यातच जातात. हा हिशोब कागदावर मांडून पाहिला की दुरुस्ती किती परवडते ते कळतं.

पावसाळ्याआधी ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस आली तर घाबरून घर उतरवू नका आणि नोटिशीकडे दुर्लक्षही करू नका. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस आठवतोय ना? जुन्या भिंती कशा बसल्या ते जिल्ह्यानं पाहिलं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, मोडकळीला आलेला भाग कोणता आणि टिकाऊ कोणता ते लेखी घ्या, टेकू द्या, आणि तो अहवाल मुदतीच्या आत पालिकेला सादर करून पोच घ्या. माणसं राहत असलेल्या खोलीबद्दल मात्र धोका पत्करू नका. तेवढा पावसाळा दुसरीकडे काढा.

प्रत्यक्ष काम

जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा सच्छिद्र असतो, पावसात ओल धरतो आणि उन्हात सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्रे धरून सुटतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. एक भाग भिजवून मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू हे साधारण प्रमाण. गिलावा झाल्यावर तो दिवसचे दिवस ओला ठेवायचा, कडक उन्हात एकदम वाळू द्यायचा नाही. चुन्याचं काम जाणणारे जुने गवंडी खानापूर भागात आणि खेड्यांत विचारत गेलं तर मिळतात. त्यांचा रोज जास्त वाटला तरी द्या.

लाकडाचं बघताना आढं, वासे आणि रिपा वेगवेगळ्या तपासा. टोकदार पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. बहुतेकदा वाशाचं भिंतीत घुसलेलं टोकच कुजलेलं असतं आणि बाकीचं सागवान ठणठणीत. तेवढं टोक कापून नवा तुकडा जोडता येतो, सगळा वासा बदलायची गरज नसते. कौलं उतरवताना फुटकी बाजूला काढा आणि चांगली धुऊन परत चढवा. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतरच्या काळातली शिक्क्याची कौलं आजही खणखणीत वाजतात. पत्रा टाकण्याचा मोह होईल, पण आपल्या पावसात त्याचा आवाज आणि उन्हाळ्यातली झळ सोसवत नाही. शिवाय प्रतिबंधित किंवा नियंत्रित क्षेत्रातल्या अर्जात दर्शनी भाग कौलारू दाखवला असेल, तर पत्रा म्हणजे मंजुरीचा भंग.

काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशाची आणि परवानगीची प्रत जागेवर ठेवा. मध्येच माडीची उंची वाढवायची लहर आली तर काम थांबवून सुधारित अर्ज करा. काम संपल्यावर आधीच्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा, चुना आणि लाकडाच्या पावत्यांसकट सगळं एका फायलीत लावा, आणि त्यातला एक संच घरपट्टीच्या नोंदीसाठी पालिकेत देऊन पोच घ्या.