स्विमसूट घेताना चौथे माप विसरू नका
गेल्या वेळी स्विमसूट घेताना मी छाती, कंबर आणि नितंब ही तिन्ही मापे नीट घेतली, तक्त्याशी ताडून पाहिली आणि निर्धास्त झाले. पोहण्याच्या पहिल्याच दिवशी हात डोक्यावर नेला की पट्टे खांद्यांत रुतू लागले आणि खालची कड जांघेत काचू लागली. अर्ध्या तासात बाहेर आले, तेव्हा दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीचे लाल वळ उमटले होते. तिन्ही मापे बरोबर होती. चौथे, म्हणजे धडाच्या लांबीचे, मी घेतलेच नव्हते.

म्हणून सर्वांत आधी हे माप घ्या. खांद्याच्या मध्यावर मोजपट्टीचे टोक धरा, पट्टी छातीच्या उंच भागावरून, पोटावरून, दोन्ही पायांमधून मागे घ्या आणि पाठीवरून पुन्हा त्याच बिंदूपर्यंत आणा. शिवणकामाची नेहमीची पट्टी १५० सेंटिमीटरची असते आणि उंच बाईला ती बऱ्याचदा अपुरी पडते. अशा वेळी न ताणली जाणारी दोरी वापरावी आणि नंतर ती मोजावी. एकटीने हे माप नीट येत नाही, मैत्रिणीची किंवा बहिणीची मदत घ्या.

वन-पीस हा खांदा आणि जांघ या दोन टोकांमध्ये ताणून बसणारा कपडा आहे. छाती-कंबर अगदी सारखी असलेल्या दोघींच्या धडाच्या लांबीत बराच फरक असू शकतो. स्विमसूटची लांबी कमी पडली तर माझ्यासारखी गत होते. जास्त झाली तर पोटावर घड्या पडतात आणि वाकताना गळा पुढे लोंबतो. एक साइज मोठा घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मग छातीपाशी सैल होते. लांब धडासाठी वेगळा बेतलेला प्रकार शोधा, किंवा वर-खाली वेगळे असलेले टँकिनी घ्या, ज्यात या मापाची अडचणच उरत नाही.

मग अंग किती झाकायचे ते ठरवा, आणि ते दुकानात जाण्यापूर्वीच ठरवा. बाह्या, गुडघ्यापर्यंतची पँट, पूर्ण अंग झाकणारा पोशाख, यांपैकी काहीही निवडायला कोणाची परवानगी लागत नाही. जो घातल्यावर तुम्ही सारखी कड ओढत बसणार नाही, तो तुमचा. घेराचा फ्रॉकसारखा प्रकार आवडत असेल, तर आत जोडलेली चड्डी आहे ना ते पाहा, कारण पाण्यात घेर वर तरंगतो. सुती टी-शर्ट मात्र वरून घालू नका. तो पाणी शोषून जड होतो आणि हात मारणे अवघड करतो.

छाती भरदार असेल तर रुंद पट्टे घ्यावेत. मानेमागे बांधायच्या प्रकारात सगळा भार मानेवर येतो. पोट दिसण्याचा संकोच वाटत असेल, तर पोटावर चुण्या असलेले कापड घट्ट आवळणाऱ्या कापडापेक्षा बरे, कारण आवळलेल्या पोटाने पोहताना श्वास पुरा घेता येत नाही.

कापडात नायलॉन आणि इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) यांचे मिश्रण सर्रास आढळते. ते मऊ असते, पण तलावातील क्लोरीन इलॅस्टेनला हळूहळू खाते. रोज पोहणार असाल तर मुख्यतः पॉलिएस्टरचे कापड अधिक टिकते. फिक्या रंगाचे कापड ओले झाल्यावर पारदर्शक दिसू शकते, तेव्हा ते हातावर ताणून उजेडात धरा आणि अस्तर पुढे आहे तसे मागेही आहे का ते पाहा. उन्हात पोहणार असाल तर लेबलवर यूपीएफ ५० आहे का तेही वाचा; त्याचा अर्थ अतिनील किरणांचा जास्तीत जास्त पन्नासावा भाग आरपार जातो.

घालून पाहताना आतले कपडे अंगावर ठेवा. ओले झाल्यावर कापड थोडे सैल पडते, म्हणून कोरडे असताना ते अंगासरशी बसले पाहिजे. नुसते आरशासमोर उभे राहू नका, मी तेवढेच केले होते: हात पूर्ण वर करा, वाका, उकिडवे बसा. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. जात नसतील, तर स्विमसूटची लांबी तुमच्या धडाला कमी पडते आहे. बाकी सगळे कितीही शोभत असले तरी तो न घेता परत ठेवून द्या.

वापरल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळवा. टोपी, टॉवेल, चष्मा नेहमीचेच. चौथे माप कागदावर लिहून ठेवा, आणि वर्षभराने दुसरा घ्यायला निघाल तेव्हा ते पुन्हा घ्या.