बाकांमधली मोकळी जागा : प्राथमिक वर्गात नाट्यातून शिकवण्याची रीत

प्राथमिक शाळेत ‘नाटक’ हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन उभे राहते : भाड्याने आणलेले पोशाख, महिनाभराच्या तालमी, पाठ केलेले संवाद आणि ज्यांच्या वाट्याला एकही भूमिका आली नाही अशी वर्गातली निम्म्याहून अधिक मुले. या लेखात ज्या नाट्याविषयी लिहीत आहे, त्याला यांपैकी काहीच लागत नाही. बाके भिंतीला सरकवल्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेत, एका तासिकेपुरती, वर्गातली सगळी मुले एकाच वेळी दुसरे कोणीतरी होतात आणि एखादा पेच सोडवतात. तो पेच पाठातलाच असतो. मी नागपूर शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. यंदा वर्गात चौतीस मुले आहेत आणि पुढे दिलेली प्रत्येक कृती एवढ्याच जागेत करून पाहिलेली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलांच्या साहाय्याने इतर विषय शिकवण्यावर भर दिला गेला, तेव्हापासून पाठ टाचणात ‘भूमिकाभिनय’ हा शब्द वरचेवर दिसू लागला आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा दोन हुशार मुलांना फळ्यापुढे उभे केले जाते, एक दुकानदार होतो, दुसरा गिऱ्हाईक होतो आणि उरलेला वर्ग खिडकीबाहेर पाहत बसतो. कृती ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : भूमिकेत शिरल्यामुळे मुलाला असा एखादा निर्णय घ्यावा लागणार आहे का, जो या पाठातले ज्ञान वापरल्याशिवाय घेताच येणार नाही? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती कृती करमणुकीची आहे. ती शनिवारी करावी, परंतु तिला अध्यापन म्हणू नये.

सुरुवातीची तयारी

पहिल्या आठवड्यात कोणताही पाठ न घेता फक्त शिस्त बसवावी, कारण भूमिकेत शिरलेल्या चौतीस मुलांना ओरडून थांबवता येत नाही. मी खंजिरी वापरते. तिची एक थाप म्हणजे ‘स्टॅच्यू’, दोन थापा म्हणजे भूमिका सोडून जागेवर बसणे. हा खेळ मुलांना गल्लीतच ठाऊक असतो, त्यामुळे समजावून सांगावे लागत नाही. खडूने जमिनीवर आखलेल्या रेषेच्या आत भूमिका, बाहेर आपण स्वतः, हा दुसरा नियम. तिसरा नियम माझ्यासाठी आहे : खांद्यावर दुपट्टा घेतला की मी मॅडम नाही. दुपट्टा खुंटीवर गेला की पुन्हा मॅडम. याव्यतिरिक्त कोणतेही साहित्य मी आणत नाही, कारण मिशा आणि मुकुट आले की मुलांचे सगळे लक्ष मिशा सांभाळण्यात जाते.

पालकांनाही आधी सांगून ठेवावे. झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातून, नागपुरात आलेल्या कुटुंबांत नाटक म्हणजे रात्रभर चालणारी गोष्ट असते, आणि ‘उद्या वर्गात नाटक आहे’ एवढेच मूल घरी बोलले तर आई दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून त्याला पाठवते.

इतिहास : तेवीस किल्ले

शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन वर्गात उतरणे हे या पद्धतीतले सर्वांत प्रभावी साधन आहे, आणि इंग्लंडमधील नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) यांनी ते जगभरच्या शिक्षकांपुढे ठेवले. भूमिका निवडताना मात्र मोह आवरावा लागतो. शिक्षकाला राजा किंवा सेनापती व्हावेसे वाटते, आणि मग तो दुपट्टा घेऊनही शिक्षकच राहतो. ज्याला फारसे काही ठाऊक नाही, ज्याला मुलांची मदत लागणार आहे, असा साधा माणूस व्हावे.

चौथीला पुरंदरचा तह शिकवताना मी जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा, होते. ११ जून १६६५ रोजी झालेल्या या तहानुसार महाराजांना २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले आणि त्यांच्याकडे १२ किल्ले राहिले. परीक्षेपुरते हे दोन आकडे मुले पाठ करतात, पण किल्ला देणे म्हणजे काय, हे त्या आकड्यांत नसते. म्हणून वर्गाचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाला कोंढाणा, पुरंदर, लोहगड, तिकोना, माहुली यांपैकी एक किल्ला द्यावा. पहिली दहा मिनिटे गटाने आपल्या गडावर कोण कोण राहते, ते ठरवावे : किल्लेदार, पहारेकरी, पाणी भरणारी, धान्याच्या कोठाराचा कारभारी. मग जासूद दमलेला, धुळीने माखलेला येतो आणि सांगतो की, गड खाली करायचा आहे, निशाण उतरवायचे आहे, याहून अधिक मला ठाऊक नाही, मी फक्त खलिता आणला.

मागच्या वर्षी कोंढाण्याच्या पहाऱ्यावरची एक मुलगी, जी एरवी उत्तर येत असूनही हात वर करत नाही, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “खलिता खरा कशावरून? शिक्का दाखवा.” माझ्या हातात वहीचा फाटका कागद होता. मी खंजिरी वाजवली, सगळे स्टॅच्यू झाले, आणि पुढची सात मिनिटे राजमुद्रेवर गेली. टाचणात ती नव्हती, परंतु त्या क्षणी वर्गाला ती हवी होती.

यानंतर मुलांच्या समोरासमोर दोन रांगा कराव्यात. किल्लेदार मधल्या गल्लीतून सावकाश चालतो. एका बाजूची मुले गड द्यावा यासाठीचे आणि दुसऱ्या बाजूची न द्यावा यासाठीचे एकेक कारण त्याच्या कानाशी सांगतात. कारण पाठातले असले पाहिजे : दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजींचा मृत्यू, मिर्झाराजे जयसिंहांची फौज, उजाड होणारी रयत. जी मुले फक्त ‘देऊ नका’ म्हणतात, त्यांना ‘का?’ असे किल्लेदारानेच विचारावे, शिक्षकाने नव्हे.

महाराजांची भूमिका मी कोणत्याही मुलाला देत नाही. वर्गात कोणी चुकीचे बोलून गेले तर वाद होईल ही भीती आहेच, पण खरे कारण नाट्यातले आहे. ज्याचा शब्द अखेरचा असतो तो माणूस समोर आला की बाकीच्यांचे बोलणे थांबते. म्हणून महाराज पत्रातूनच येतात. आणि तास संपण्यापूर्वी फळ्यावर दोन रकाने अवश्य काढावेत : ‘आपण कल्पिलेले’ आणि ‘पुस्तकात असलेले’. हे केले नाही तर कोठाराच्या कारभाऱ्याचे कल्पित नाव उत्तरपत्रिकेत इतिहास म्हणून उतरते, हा अनुभव मी घेतला आहे.

गणित : संत्र्याची हर्रास

काटोल-नरखेडकडून संत्र्याच्या गाड्या कळमना बाजारात येतात, हे आमच्या मुलांनी पाहिलेले असते. काहींचे वडील तिथे हमाली करतात. त्यामुळे मापारी, अडत्या, व्यापारी, हमाल आणि शेतकरी या भूमिका समजावून द्याव्या लागत नाहीत, उलट मुलेच मला दुरुस्त करतात. आकडे मी सोपे आणि कल्पित घेते : १२ क्रेट, प्रत्येकी २० किलो. हर्रास, म्हणजे लिलाव, ३१ रुपये किलोवर थांबते. तेवढ्यात अडत्या (तो मी) शेतकऱ्याच्या कानात सांगतो की, उद्या ३३ मिळतील, मात्र रात्रभरात एक क्रेट खराब होईल.

निम्मा वर्ग क्षणाचाही विलंब न लावता ‘उद्या!’ असे ओरडतो, कारण ३३ हा ३१ पेक्षा मोठा आहे. इथे उत्तर सांगू नये. प्रत्येक शेतकऱ्याच्या कुटुंबाने पाटीवर हिशेब मांडावा : आज २४० किलोचे ३१ रुपयांनी ७,४४० रुपये, उद्या उरलेल्या २२० किलोचे ३३ रुपयांनी ७,२६० रुपये. थांबणाऱ्याचे १८० रुपये जातात, रात्रीचा मुक्काम वेगळाच. पुस्तकातले गुणाकाराचे उदाहरण मुले सोडवतात आणि विसरतात; हे उदाहरण त्यांच्या मनाला लागते, कारण ‘उद्या’ म्हणून ओरडल्याचे सगळ्यांनी ऐकलेले असते. पुढच्या तासाला हमाली आणि गाडीभाडे वजा करायला लावावे. एका फेरीत एवढेच पुरे.

परिसर अभ्यास : कूलर

बाष्पीभवन शिकवायला नागपुराइतके अनुकूल गाव नाही. एप्रिलमध्ये घरोघरी कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो आणि पाणी टाकल्यावर हवा गार का होते, हे मात्र कोणीच विचारत नाही. खडूने चौकोन आखून त्यात वीस मुलांना पाण्याचे कण म्हणून उभे करावे. कण एकमेकांना चिकटून, पण जागा बदलत हलतात. प्रत्येकाच्या हातात एक ते पाच यांपैकी एका अंकाची चिठ्ठी असते; अंक जितका मोठा, तितकी हालचाल जोरात. मी पंखा होऊन बाजूने जाते आणि पाच अंकवाले कण रेषेबाहेर, वऱ्हांड्यात निघून जातात. मग आत उरलेल्यांच्या अंकांची बेरीज करून सरासरी पाहायची. ती खाली आलेली असते. जोरात धावणारे निघून गेले, म्हणून मागे राहिलेले पाणी थंड झाले, हे मुलांना त्या बेरजेतून दिसते.

खरी मजा दुसऱ्या फेरीत आहे. आता जुलै आला असे सांगून उरलेली चौदा मुले आधीच वऱ्हांड्यात दाटीने उभी करावीत. ती हवेतली वाफ. बाहेर जाणाऱ्या कणांबरोबर वऱ्हांड्यातलेही काही कण आत येत राहतात. जेवढे जातात जवळजवळ तेवढेच येतात, सरासरी हलत नाही, आणि पावसाळ्यात कूलर लावूनही घामच का येतो, याचे उत्तर एखादे मूल वऱ्हांड्यातूनच ओरडून देते.

या कृतीत एक धोका आहे. नाट्य जितके चांगले शिकवते, तितक्याच पक्केपणाने चुकीचेही शिकवते. बर्फ करताना मुलांना ‘अजिबात हलू नका’ असे मी पूर्वी सांगत असे, आणि बर्फातले कण स्तब्ध असतात अशी समजूत वर्षभर टिकत असे. आता बर्फाचे कण हात गुंफून जागच्या जागी थरथरत उभे राहतात. तसेच, तापवल्यावर कण फुगतात असे दाखवायला मुले गाल फुगवतात. कण तेवढाच राहतो, त्यांच्यातले अंतर वाढते, हे तिथेच थांबवून सांगावे.

भाषा : काहून आणि का

मराठीच्या तासाला पाठातल्या पात्राला खुर्चीवर बसवून वर्गाने प्रश्न विचारायचे, ही रीत बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर थांबत नाही. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे भूमिकेनुसार बोली बदलणे. आमची मुले ‘काहून’, ‘करून राह्यलो’ असे बोलतात आणि ते दुरुस्त केले की गप्प बसतात. त्याऐवजी नळाला चार दिवस पाणी नाही असा प्रसंग द्यावा. तीच घटना मुलाने आधी ओट्यावरच्या आजीला सांगावी, नंतर आकाशवाणीवर बातमी म्हणून वाचावी, शेवटी महापालिकेच्या अधिकाऱ्याला अर्जात लिहावी. आजीशी प्रमाण मराठी बोलणारे मूल वर्गाला हसू आणते आणि बातमीत ‘काहून’ आले तरी हसू येते. कोणती भाषा कुठे, हे त्या हसण्यातून कळते आणि घरची बोली अशुद्ध ठरत नाही. इंग्रजीसाठी बसचे तिकीट, दवाखाना, हरवलेली छत्री एवढे प्रसंग पुरतात.

भूमिकेतून बाहेर येणे

ही पायरी वगळल्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोजली आहे. एका गोष्टीवरून आम्ही दुष्काळातल्या गावाचा प्रसंग केला आणि एका मुलाने सावकार फारच चांगला वठवला. घंटा झाली, मी तास तिथेच सोडला. पुढचे तीन आठवडे मुले त्याला ‘सावकार’ म्हणून हाक मारत होती आणि तो मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटाच पायऱ्यांवर बसत होता. माझ्या लक्षात आले ते त्याच्या आईने विचारल्यावर. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून दोन नियम पाळते. दुष्ट माणूस लागला तर दुपट्टा घेऊन तो मीच होते. आणि शेवटची पाच मिनिटे राखून ठेवते : सगळे रेषेबाहेर येतात, प्रत्येक जण स्वतःचे नाव आणि सकाळी काय खाल्ले ते सांगतो, मग भूमिकेतल्या माणसाने जे केले ते आपण केले असते का, यावर बोलणे होते.

काही प्रसंग तर मुलांच्या अंगावर घालूच नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाविषयी शिकवताना पाणी नाकारल्याचा प्रसंग वर्गात ‘करून दाखवा’ असे सांगितले जाते. दीक्षाभूमीच्या शहरात, जिथे तो इतिहास अनेक मुलांच्या घरचा आहे, तिथे कोणा मुलाला पुन्हा त्या जागी उभे करणे हा उद्दाम विसराळूपणा आहे. त्या पाठात मुलांनी वार्ताहर व्हावे आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारायचे प्रश्न लिहावेत. मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी ठेवावी.

नोंदी करताना ‘अभिनय उत्तम’ असे लिहू नये, कारण अभिनय शिकवायचा नव्हताच. ‘भाव जास्त असूनही एकूण रक्कम कमी होते, हे स्वतः हिशेब करून सांगितले’ अशी नोंद वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात पुढच्या शिक्षकाच्या उपयोगी पडते. आठवड्यातून एकच अशी तासिका घ्यावी आणि शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्यावी. सगळेच नाट्यातून शिकवता येते, असा माझा दावा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मी दोनदा नाट्यात बसवून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले. पाढे मात्र अजूनही भल्या सकाळी, उभ्याने आणि एका सुरात म्हणवून घेते.