गावच्या रेडिओवर सकाळचा शो कसा करायचा (बेळगाव-खानापूर भागातल्या अनुभवावरून)

बरेच जण विचारतात की तू सकाळी रेडिओवर बोलतोस म्हंजे नक्की करतोस काय, आणि आमच्या गावात असलं काय चालू करायचं झालं तर कसं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी आमच्या तालुक्यातल्या एका लहान कम्युनिटी रेडिओवर (म्हंजे आसपासच्या गावांपुरतं, हितल्याच लोकांसाठीचं स्टेशन) सकाळचा शो करतो, पगारी नाही, दिवसा माझं काम वेगळं आहे, त्यामुळं मोठ्या एफएमवाल्यांसारखं शास्त्रशुद्ध काय मिळणार नाही हितं, जे चुकत चुकत शिकलो तेवढंच.

आधी एक सांगतो, आवाज भारी पाहिजे हे डोक्यातनं काढा. माझा आवाज सर्दी झाल्यासारखा आहे, बारा महिने. लोक रेडिओ लावतात ते त्यांच्या गल्लीचं नाव ऐकायला, नळ किती वाजता येणार, करंट कधी जाणार, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं. हे सगळं नीट सांगता आलं की आवाजाचं कोण विचारत नाही.

परवानगीचं थोडक्यात. २००६ सालापासनं संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढता येतो, त्याच्याआधी फक्त कॉलेज-विद्यापीठांना होतं. एकट्या माणसाला लायसन्स मिळत नाही, राजकीय पक्षाला पण नाही. नफ्यासाठी न चालणारी संस्था, किमान तीन वर्षं जुनी, किंवा कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र असं काहीतरी पाहिजे, आणि अर्ज केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याकडं जातो. कागदपत्रांना वेळ लागतो, लागू दे, तेवढ्यात गावं फिरून घ्या. नाहीतर जवळ चालू असलेल्या स्टेशनवर जाऊन एक अर्ध्या तासाचा स्लॉट मागा, मी तसंच केलो. बेळगावात केएलई संस्थेचं वेणुध्वनी हे कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे ९०.४ वर, असल्या ठिकाणी जाऊन एक सकाळ नुसतं बसून बघितलं तरी निम्मं कळतंय.

आता रेंज. ताकद १०० वॉटपर्यंत आणि अँटेनाचा खांब ३० मीटरपर्यंत, म्हंजे सपाटीला दहा-पंधरा किलोमीटर धरा. आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला डोंगर सुरू झाला की खेळ खल्लास, एका वळणावर आवाज खणखणीत आणि पुढच्या वळणावर नुसती खरखर. म्हणून पहिल्या महिन्यात गाडीवर एक साधा रेडिओ सेट बांधून सगळी गावं फिरा आणि वहीत लिहा कुठं येतंय, कुठं नाही. जिथं ऐकूच येत नाही त्या गावाला रोज नमस्कार घालत बसलो होतो आम्ही तीन आठवडे. अजून एक, मोबाईलवर एफएम ऐकायला वायरचा इअरफोन लागतोय कारण ती वायरच एरियल असते, हे लोकांना परत परत सांगावं लागतं, आणि नव्या फोनला तर ते भोकच नसतंय, त्यामुळं म्हाताऱ्यांचा जुना सेट दुरुस्त करून देणारा एक माणूस शोधून ठेवा, तो तुमच्या शोचा खरा मालक.

खोलीला फार खर्च करू नका. आमच्या स्टुडिओच्या भिंतीला वाकळा टांगल्यात, चक्क आज्यांनी शिवलेल्या, आवाज घुमायचा बंद झाला. माइक डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको, कंडेन्सरमधे शेजारचा कोंबडा, रस्त्यावरची वडाप आणि पलीकडच्या घरातलं भांडण सगळं येतं. तोंड माइकपासनं चार बोटं लांब, जरा तिरकं. पंखा बंद. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, तेच वापरा, आणि त्यातली आवाजाची पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एकदा फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला करंट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून इन्व्हर्टर पाहिजेच, आणि एका मोबाईलमधे अर्ध्या तासाचे अभंग भरून केबल जोडून तयार ठेवा, कॉम्प्युटर बसला की लगेच तो चालू करायचा.

भाषा. हा आमच्याकडचा मुख्य मुद्दा, दुसरीकडच्यांना कळणार नाही. लहानपणी आमच्या घरात सकाळी सेटचा काटा आकाशवाणीच्या मराठी सांगली आणि कन्नड धारवाडच्या मधे फिरायचा, सांगली १२५१, धारवाड ७६५ किलोहर्ट्झ, आजीला सांगलीचे अभंग पाहिजेत आणि आजोबांना धारवाडचं गाणं, रोजची कटकट. शो करताना पण तसंच, दोन्ही भाषा ठेवा. मी मराठी बोलतो आणि माझ्याबरोबर अक्का असतात त्या कन्नड. सुरवातीला आम्ही प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत होतो, मी बोललो की त्या तेच कन्नडमधे सांगणार, ऐकायला बँकेतली सूचना वाटायची आणि वेळ डबल. मग सोडून दिलं. आता अक्का विचारतात "चहा आतेनरी?" (चहा झाला काय?) आणि मी मराठीत उत्तर देतो, ऐकणाऱ्याला दोन्ही कळतंच की, बाजारात रोज तसंच बोलतात सगळे. भाषांतर फक्त तीन गोष्टींचं करा: वेळ, तारीख आणि गावाचं नाव. फोन करणारा बेळगाव म्हणू दे नाहीतर बेळगावी म्हणू दे, दुरुस्त करायला जाऊ नका. कुणी "काय करालायसा" म्हणाला तर तुम्ही पुस्तकी मराठीत "आपण काय करीत आहात" असं उत्तर देऊ नका, माणूस फोन ठेवतो. सीमाप्रश्न माइकवर आणायचा नाही, राजकीय बातम्या तशाही आपल्याला चालत नाहीत, आणि चहाच्या टपरीवर तो विषय फुकट मिळतोच.

बातम्यांवरनं आठवलं. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण घाबरू नका, पाऊस-पाणी, वाहतूक, वीज, नळ, परीक्षा, नोकरीच्या जाहिराती, यात्रा-जत्रा, खेळ, आरोग्याच्या सूचना हे सगळं बातमीत धरत नाहीत. आणि सकाळी लोकांना हेच पाहिजे असतंय, आमदार काय बोलले ते संध्याकाळी चालतंय.

आमचा शो साडेसहा ते साडेआठ. साडेसहाला एक मराठी अभंग आणि एक कन्नड वचन (शरण संतांचं पद), रोज क्रम उलटा करायचा नाहीतर फोन येतात. मग तिथी, संकष्टी-एकादशी असली तर ती, कारण त्यावरनं घरात काय रांधायचं ठरतं. लगेच हेस्कॉमचं, म्हंजे हितल्या वीज कंपनीचं, शटडाऊन कुठल्या फीडरवर आणि नळाची पाळी कुणाची. सातला शेती. हितं एपीएमसीचे दर सांगताना "कालचे दर" म्हणून तारखेसकट सांगा, नाहीतर माणूस रताळी भरून टेम्पो घेऊन जातो आणि तिथं भाव पडलेला असतो, शिव्या तुम्हाला. सव्वासातला उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाणारे आणि कॉलेजच्या पासवाल्या पोरांसाठी बसचं, ह्यांना लांबड लावलेलं चालत नाही, दीड मिनिटात आटपा. पावणेआठला एका शाळेची पोरं, रोज एक वर्ग, एक हुमाणं घालायचं आणि उत्तर उद्या. हे हुमाणं फार चालतं बघा, दिवसभर गवंडी कामावर, मागावर, एसटीत लोक डोकं खाजवतात.

आठनंतर देणं-घेणं. अमेरिकेत लहान गावच्या कंट्री गाण्यांच्या स्टेशनांवर पण सकाळी लोक फोन करून सांगतात म्हणे, जुना ट्रॅक्टर विकायचाय, कुत्र्याची पिल्लं न्यायला या. आमच्याकडं म्हैस, भाताचं बी, एका पायाचं पैंजण सापडलंय, शेवटच्या वर्षाची पुस्तकं. नियम एवढाच की फोन नंबर रेडिओवर सांगायचा नाही, गाव आणि खूण सांगायची, "मारुती देवळाच्या मागच्या गल्लीत, दारात रिक्षा उभी असते ते घर". नंबर सांगितला की त्या माणसाला महिनाभर कोण कोण फोन करतात, अनुभव आहे.

आणि मयत. पावणेसातला. शोमधली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं हीच, गाणं लावायचं नाही त्याच्या मागं, सावकाश वाचायचं. पूर्ण नाव, गल्ली, आणि गावात ज्या नावानं ओळखतात ते नाव, कारण "परशराम" म्हणून कुणाला कळत नाही, "पत्र्या परशा" म्हटलं की चार गावं निघतात. अंत्यविधी किती वाजता, रक्षाविसर्जन कधी. आणि दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय वाचायचं नाही, एक घरचा आणि एक गल्लीतला.

हा नियम आला कुठनं ते सांगतो. पहिल्याच वर्षी पहाटे व्हॉट्सअपवर एक व्हॉइस नोट आली, "आमची म्हातारी गेली काल रात्री, रेडिओवर जरा सांगा, दुधाला कोण येऊ नका". मी नाव काढलं, गल्ली काढली, आणि जड आवाजात वाचलं. सव्वासातपर्यंत दारात पन्नासेक माणसं, दोघांच्या हातात हार, एकजण बांबू घेऊनच आलेला. म्हातारी गेली होती ती लेकीकडं, संकेश्वरला, चार दिवस राहायला. तिचा मला फोन आला आठच्या आत, "मी हितं चा प्यायलोय, आणि तू मला जाळाय निघालास व्हय रे मुडद्या?" अक्कांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तो तसाच हवेत गेला, आम्हाला ओळखणारी निम्मी माणसं त्या दिवसापासनंची. तरी पण असली ओळख नको, म्हणून दोन फोन करा. आता "गेली" शब्द आला की मी पहिलं विचारतो, कुठं?

गाणी. सिनेमाची गाणी लावायची तर हक्कवाल्यांचे पैसे भरावे लागतात, यूट्यूबवरनं उतरवून लावू नका. आणि गरज पण नाही हो. गावात भजनी मंडळ आहे, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या आहेत, भात लावताना म्हणायची गाणी आहेत, कन्नडमधली सोबाने पदं (लग्नकार्यातली गाणी) आहेत, करडी मजलू (ढोलासारखी वाद्यं वाजवणारा ताफा) आहे. निम्मा तरी कार्यक्रम हितल्या लोकांचा पाहिजे असा नियमच आहे, पण नियम नसता तरी हेच चाललं असतं. रेकॉर्ड करायला दुपारी तीनला जा, तेव्हा बायकांना जरा सवड असते, आणि पहिलं गाणं रेकॉर्ड करून सोडून द्या कारण पहिल्या गाण्यात सगळ्याजणी लाजतात, तिसऱ्यापासनं खरा आवाज लागतो. चहाला नाही म्हणू नका. गाणं संपलं की त्याच रेकॉर्डिंगवर नाव-गाव आणि "रेडिओवर लावायला माझी काय हरकत नाही" एवढं बोलून घ्या, कागदावर सही मागितली की सोसायटीचं कर्ज आठवतं त्यांना.

पैसे. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरात चालते, आम्ही तेवढी कधी भरली नाही. यात्रेच्या आधी पंधरा दिवस मंडपवाले, बँजोवाले, मांडे करून देणाऱ्या बायका येतात, बाकी वर्षभर खताचं दुकान. दुकानदारालाच बोलायला लावा, दहा सेकंद, त्याची बायको-पोरं ऐकतात आणि पुढच्या महिन्यात तो स्वतः येतो.

शेवटचं काम शो संपल्यावरचं. जे प्रसारित केलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने ठेवावं लागतं, तक्रार आली तर दाखवायला. तीन महिन्यांनी बसच्या वेळा पुसा, ओव्या पुसू नका. आणि फाईलला तारीख आणि गावाचं नाव द्या. आमच्याकडं "फायनल", "फायनल दोन" आणि "नवीन फायनल खरं" अशा तीन फायली आहेत, त्यातल्या एकीत कणकुंबीच्या एका आजीच्या ओव्या आहेत आणि उरलेल्या दोघींत खताची जाहिरात, आणि परवा सकाळी साडेसहाला अभंगाच्या जागी काय लागलं असेल ते तुम्हीच ओळखा.