‘डॉक्टर हू’चा ख्रिसमस विशेष भाग बघण्याआधी

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या आधीच्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघून ठेवा, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत. विशेष भागाचा धागा बरेचदा तिथेच सोडलेला असतो.

जुने विशेष भाग बघताना क्रम प्रसारणाच्या तारखेनेच लावा. काही यादींत ते ‘स्पेशल्स’ या वेगळ्या कप्प्यात असतात, म्हणून हमखास सुटतात. मग घोळ होतो: २५ डिसेंबर २०१३चा भाग चुकला, तर डॉक्टरच्या मुख्य भूमिकेत मॅट स्मिथ जाऊन पीटर कपाल्डी कसा आला हेच कळत नाही. ‘द एंड ऑफ टाइम’ हा विशेष भाग तर दोन तुकड्यांत आहे, २५ डिसेंबर २००९ आणि १ जानेवारी २०१०. दुसरा विसरू नका, डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटचा निरोप त्यातच आहे.

प्रसारणाची वेळ ब्रिटनची असते. हिवाळ्यात ती जीएमटी (ग्रीनिच प्रमाणवेळ) धरा.